लाभार्थी गैरहजर

संगीत हे सर्वांसाठी असते, याबद्दल आमच्या गावात आजवर कोणीही शंका घेतलेली नाही. ते कानांनी ऐकायचे असते, हेही सर्वमान्य आहे. ते कान सभागृहापर्यंत कसे पोहोचवायचे एवढाच तपशील राहून गेला होता, आणि तपशिलांसाठी आमच्याकडे उपसमित्या असतात.

शेवगावच्या ‘स्वरवेल रसिक मंडळा’ची जी दिव्यांग रसिक सुविधा उपसमिती आहे, तिची मी सचिव. (अध्यक्ष, सचिव आणि एक सदस्य अशी आमची रचना आहे. सदस्य दोन होते, पण दुसऱ्या बाईंची मुलगी पुण्याला बाळंत झाली.) उपसमितीने केलेल्या कार्याचा हा वृत्तान्त मी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहिला होता. स्मरणिकेत शुभेच्छांची पाने जास्त झाल्याने संगीताविषयीचा मजकूर यंदा घेता आला नाही, म्हणून तो इथे देत आहे.

उपसमितीचे कार्यक्षेत्र पहिल्यापासून स्पष्ट होते. मंडळाचे सभासद तीनशे बारा. पैकी चाकाच्या खुर्चीवर बसणारे, एक. हे एक म्हणजे माझे वडील, सूर्यभान मिस्त्री. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘लाभार्थी’ असा आहे. गेल्या वर्षी फाल्गुनात ते वारले. त्यामुळे उपसमितीच्या कामाचा ताण आता पुष्कळ कमी झाला आहे.

लाभार्थ्याची मागणी एकच होती. जयमालाबाई वडुलेकरांचे गाणे त्यांना समोर बसून ऐकायचे होते. एकतिसाव्या वर्षी त्यांनी ते एकदा ऐकले होते, सोनईच्या बाजारतळावर, ताडपत्रीखाली, अगदी पुढे बसून. त्यानंतर चाळीस वर्षे ते एकच गोष्ट सांगत आले. “बाईंचा डावा हात सुराच्या आदी उठतो. हात बघितला की कळतं, आता काय येनार हाय. आन मंग ते येतं.” मी त्यांना मोबाईलवर बाईंची गाणी लावून देत असे. ते शेवटपर्यंत ऐकत आणि मोबाईल परत देताना म्हणत, “मोबाईलात गानं येतं, हात येत न्हाई.”

त्या वर्षी बाईंनी जाहीर केले की आता शहात्तर पूर्ण झाली, हा हिवाळा शेवटचा, यापुढे मंचावर बसणार नाही. आमच्या मंडळाला त्यांनी पौषातली एक तारीख दिली. म्हणजे उपसमितीपुढे काम होते ते फक्त अण्णांना नऊ पायऱ्या वर नेण्याचे.

या नऊ पायऱ्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मंडळाच्या सभागृहाच्या या पायऱ्या घडीव काळ्या दगडाच्या असून गावात त्यांना तोड नाही. त्या १९९४ साली अण्णांनीच बांधल्या. त्याबद्दल मंडळाने तेव्हा त्यांना नारळ दिला होता. पुढे वयाच्या पासष्टाव्या वर्षी एका बंगल्याच्या कामावर ते परांचीवरून पडले, कमरेखालचे सगळे गेले, आणि आपण पायऱ्या किती चांगल्या बांधल्या आहेत हे त्यांना खालून नीट पाहता येऊ लागले. “तवा कुनी रॅम्पचं सांगितलं न्हाई,” ते म्हणत, “आन मी बी इचारलं न्हाई. मला काय ठावं, मलाच लागंल म्हनून.”

उपसमिती स्थापन होण्यापूर्वी मंडळात उचल पद्धत चालू होती. चार कार्यकर्ते खुर्ची चारही बाजूंनी धरत आणि अण्णांना वर नेत. पहिल्या वर्षी टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी पाचव्या पायरीवर असताना चौघांपैकी एकाला समोरून एक माननीय येताना दिसले, आणि त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. (संस्कार ही गोष्ट ऐन वेळी दिसून येते ती अशी.) अण्णा तीन पायऱ्या खाली आले, खुर्ची पाच. हाताला सहा टाके पडले. त्यानंतर त्यांनी निक्षून सांगितले, “आता उचलून न्हाई जायाचं. उचलायचं ते येकदाच उचला, मेल्यावर.” पुढची चार वर्षे ते कार्यक्रमाच्या दिवशी घरीच बसले. मी परत आल्यावर ते विचारत, कोण गायलं, काय गायलं, आणि मी सांगत असे. मी बरे सांगते असा माझा समज होता.

उपसमितीच्या एकूण सात बैठका झाल्या. बैठका मंडळाच्या कार्यालयात होत. कार्यालय सभागृहाच्या वरच्या मजल्यावर आहे. (नऊ अधिक बावीस, एकतीस पायऱ्या. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे. तिथे सध्या जुन्या ढाली आणि करंडक ठेवतो.)

पहिल्या बैठकीत उपसमितीचे नाव ठरले. दुसरीत, पहिल्या बैठकीत ठरलेल्या नावाने कोणाचा अपमान तर होत नाही ना यावर साधकबाधक चर्चा होऊन, होत नाही असे ठरले. तिसरी बैठक हा अभ्यासदौरा होता. आम्ही पुण्याला जाऊन एका मोठ्या दुकानाचा रॅम्प पाहिला, प्रत्येकी दोनदा त्यावरून चालून आलो आणि चालायला बरा वाटतो असा अभिप्राय नोंदवला. चौथ्या बैठकीला गणसंख्या पूर्ण नव्हती. पाचव्या बैठकीत असा मुद्दा निघाला की ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याचे मत आपण घेतलेलेच नाही. हा मुद्दा मी मांडला होता, आणि तो मांडताना मला थोडा अभिमानही वाटला होता. त्यानुसार लाभार्थ्याला रीतसर पत्र गेले: ‘आपण दि. १७ रोजी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या कार्यालयात समक्ष उपस्थित राहून आपले म्हणणे मांडावे.’ पत्र मीच लिहिले, मीच घरी नेले आणि पोच म्हणून अण्णांची सही मीच घेतली.

अण्णांनी पत्र दोनदा वाचले.

“कार्यालय म्हंजी वरचं?”

“हो.”

“बरं,” असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

सतरा तारखेला, तहकूब ठेवलेल्या पाचव्याच बैठकीत, आम्ही सव्वापाचपर्यंत वाट पाहिली. कार्यवृत्तात नोंद आहे: ‘लाभार्थी गैरहजर. विषयाबाबत पुरेसा उत्साह दिसून येत नाही.’ अक्षर माझे आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात अठरा वर्षे कार्डे लिहिल्यामुळे ते वळणदार आहे.

घरी जेवायला बसल्यावर अण्णांनी विचारले, “काय ठरलं गं मीटिंगला?”

“तुम्ही आला नाहीत,” मी म्हटले.

“येनार हुतो, पर त्या बावीस पायऱ्या बी माज्याच हातच्या हायेत. म्हनलं दोनचार पडल्या असत्याल तर जमंल,” ते म्हणाले, “कोंडीराम गवंड्याला बघाया धाडलं. तर येक बी हालंना.”

मग त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटाची पाठ माझ्यापुढे सरकवली. त्यावर पेन्सिलीने आराखडा काढलेला होता. “साडेचार फूट चढायचंय. फुटाला बारा फूट लांबी. म्हंजी चोपन्न फूट. मधी येक वळन, वळनावर पाच बाय पाचचा ओटा, दम खायाला. दोन्ही अंगाला कठडा. माझं मी जातो मंग. कुनी ढकलाया नको.”

‘माझं मी’ हे शब्द त्यांनी पेन्सिलीनेही लिहिले होते. तिथे मोजमाप लिहायची जागा होती.

सहाव्या बैठकीत मी हे पाकीट सादर केले. मंडळाचे आणि उपसमितीचेही अध्यक्ष आदिनाथभाऊ यांचे खत-बियाण्यांचे दुकान असून ते अत्यंत हळवे रसिक आहेत. भैरवीला त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. (खबरदारी म्हणून ते मध्यंतरापासूनच टॉवेल मांडीवर घेऊन बसतात.) पाकीट पाहूनही त्यांना भरून आले.

“मिस्त्रींचा हात आहे राव अजून,” ते म्हणाले. “फक्त एक अडचण आहे ताई. चोपन्न फूट म्हणजे तो थेट आपल्या गाड्यांवर येतो.”

खिडकीतून पाहिले तर खरेच येत होता. पदाधिकाऱ्यांच्या सात मोटारसायकली सावलीत एका ओळीत उभ्या होत्या. शेवटची स्कूटी माझी होती. ठराव एकमताने झाला: उतार अठरा फूट.

बांधून झाल्यावर अण्णांना दाखवायला नेले. त्यांनी खुर्ची बाजूला घेतली, एक डोळा मिटला आणि भिंतीच्या कडेने पाहिले.

“एकास चार,” ते म्हणाले. “पोरी, ह्यावरनं सिमिटाची गोनी चढंल. मानूस न्हाई चढायचा.”

“दोघं-तिघं ढकलतील ना अण्णा.”

“म्हंजी आदी चौघं उचलायची, आता दोघं ढकलायची. निम्मी सुधारना झाली म्हनायची.”

सातव्या आणि शेवटच्या बैठकीत आम्ही नियमावली केली. तीतला नियम चौथा मी लिहिला: ‘उतार उपलब्ध असताना कोणत्याही रसिकास पायऱ्यांवरून उचलून नेणे हे त्याच्या प्रतिष्ठेस बाधक असल्याने त्यास सक्त मनाई आहे.’ हा नियम मी अण्णांना वाचून दाखवला. हाताच्या टाक्यांची जागा चोळत ते म्हणाले, “ह्ये मातर बेस केलंस.” संपूर्ण प्रकल्पात लाभार्थ्याने दिलेली ही एकमेव पसंती आहे, म्हणून नोंदवून ठेवते. नियम आम्ही प्लास्टिकच्या आवरणात घालून पायऱ्यांशेजारच्या भिंतीवर लावला.

बांधकाम पुरे झाले म्हणजे वस्तू तयार झाली, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. आमच्याकडे वस्तू उद्घाटनाने तयार होते. मंडळाचीच पाणपोई तीन उन्हाळे उद्घाटनावाचून उभी होती; लोक तिच्या सावलीत थांबून समोरच्या हॉटेलात पाणी मागत, पण नळाला कोणी हात लावला नाही. हा संयम जुना आहे आणि त्यावर आमच्या सार्वजनिक जीवनाचा डोलारा उभा आहे. त्यामुळे उताराचे उद्घाटनही रीतसर ठरले. पत्रिकेत छापले: ‘सायं. ६ वा. माननीयांच्या शुभहस्ते दिव्यांग उताराचे उद्घाटन. सायं. ६.३० वा. जयमालाबाई वडुलेकर यांचे गायन.’ दोन्ही एकाच दिवशी घेण्याची कल्पना माझी. हार आणि मांडव एकदाच लागणार होते.

अण्णा साडेपाचलाच आले. पांढरा सदरा, कडक टोपी, आणि खुर्ची ढकलायला कोंडीराममामा. मामांनी तीस वर्षे अण्णांच्या हाताखाली गवंडीकाम केले आहे आणि अण्णांना नावाने हाक मारणारे गावात ते एकटेच उरले होते. उताराच्या तोंडाशी लाल फीत बांधली होती. तिच्यापासून दोन फुटांवर खुर्ची लावण्यात आली. फितीच्या दुसऱ्या बाजूला मी तबक घेऊन उभी होते: कुंकू, अक्षता, नारळ आणि कात्री. कात्रीला मी रेशमी फूल बांधले होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी आदिनाथभाऊंनी फोन ठेवला आणि जाहीर केले, “माननीय निघाले.” सहा चाळीसला ते म्हणाले, “निघालेच आहेत.” सातच्या सुमारास माननीय नेवासा फाट्यावर असून त्यांना चहासाठी थांबवल्याचे कळले. सव्वासातला, वाटेत एका साखरपुड्याला केवळ तोंड दाखवून येत आहेत असे समजले.

बाईंनी मात्र साडेसहाला गाणे सुरू केले. त्यांना डॉक्टरांनी सव्वाआठच्या पुढे बसू नका असे बजावले होते. (त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. त्यांना मागच्या दाराने, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून मंचावर नेले. नियम चौथा रसिकांसाठी आहे; कलावंत रसिक नसतात.)

तोवर सभागृह भरले होते. सगळे रसिक अण्णांच्या शेजारून पायऱ्या चढून गेले. अण्णांनी ते मोजले. वीट असो की माणूस, मोजायची त्यांना सवय होती. पुढील आकडे त्यांचे असून उपसमितीने ते स्वीकारले आहेत. आत गेलेले रसिक, दोनशे शहाण्णव. अण्णांना नमस्कार करून गेलेले, एकशे ऐंशी. “काय मिस्त्री, बरंय ना?” असे विचारणारे, चौऱ्याहत्तर. “आत नाही जायचं का?” असे विचारणारे, एकोणीस. उत्तर ऐकायला थांबलेले, दोन. त्यांतल्या एका बाईंची चप्पल तुटली होती.

पावणेसातला वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला. तो उताराला लागूनच ठेवलेला होता, कारण अठरा फुटांच्या उताराखाली तेवढी सोयीची मोकळी जागा तयार झाली होती. त्यापुढे आतले काही ऐकू येईना.

“जनरेटर सुरात हाय,” अण्णा मामांना म्हणाले. “काळी दोन. फकस्त ताना जरा येकसारख्याच घेतोय.”

मामांना हसू आले नाही. ते फितीजवळ आले. “ताई, फीत जरा वर धरतो. सूर्यभानची गाडी खालनं काढतो. फितीला धक्का न्हाई लागायचा.”

मी आदिनाथभाऊंकडे पाहिले. ते समजुतीने म्हणाले, “मामा, माननीयांच्या आधी कोणी वर गेलं, तर मग माननीय उद्घाटन कशाचं करणार? वापरलेल्या उताराचं?”

मामांनी वेगळा विचार केला. “मंग उचलतो त्याला. मी हाय, आतली तिघं बोलवा. पायरीवरनं नेऊ.”

मी भिंतीवरच्या नियम चौथ्याकडे बोट दाखवले. मामांनी डोळे बारीक करून तो वाचला.

“कुन्या शहान्यानं केलाय ह्यो?”

“आमच्याच घरात झालाय,” अण्णा म्हणाले. “ऱ्हाऊ दे, कोंडीराम.”

साडेसातला चार मिनिटे वीज आली. कोणीतरी जनरेटर बंद केला आणि एकदम भिंतीतून बाईंचा आवाज बाहेर आला, यमन होता. अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून जरासा उठला, थांबला, आणि मग तो सूर आला. असे तीनदा झाले. हात आधी, सूर मागून. त्यांना काही दिसत नव्हते. ते चाळीस वर्षांपूर्वीच्या हाताशी ताडून पाहत होते. चौथ्यांदा हात उठला तेव्हा वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला. हात तसाच थोडा वेळ वर राहिला. (उपसमितीच्या अंतिम अहवालात या चार मिनिटांपुढे ‘अंशतः लाभ’ असा शेरा आहे.)

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलले. आवाज चढवला नाही. जनरेटरमुळे मला ओठांवरूनच कळले.

“कात्री तुज्याच हातात हाय की गं.”

होती. तबकात होती, तबक माझ्या हातात होते, फीत माझ्या कमरेला लागत होती. त्या क्षणी मी जो विचार केला तो उपसमितीच्या सचिवाला शोभणाराच होता. पत्रिकेवर नाव दुसऱ्याचे छापलेले आहे. लोक काय म्हणतील. मी अठरा वर्षांत कोणाला रांग सोडून पुस्तक दिलेले नाही. आज घरच्या माणसासाठी नियम मोडला, तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला सांगू. शिवाय ते फूल मी बांधले होते ते माननीयांसाठी.

“पाच मिनिटं अण्णा,” मी म्हटले. “येतीलच आता.”

“बरं,” अण्णा म्हणाले आणि टोपी सारखी केली. माझी मुंजीतली, लग्नातली, नोकरीतली प्रत्येक गोष्ट त्यांनी याच शब्दाने मान्य केली होती, असे लिहायला छान वाटले असते. पण माझी मुंज झालेली नाही आणि लग्नाला त्यांनी विरोध केला होता. ‘बरं’ हा शब्द त्यांनी माझ्याशी दोनदाच उच्चारलेला मला आठवतो. पहिला त्या पत्राच्या वेळी.

सव्वाआठला गाणे संपले. टाळ्या जनरेटरवरूनही ऐकू आल्या. मागच्या दाराने बाईंना गाडीत बसवले आणि ती गाडी उताराला वळसा घालून, अण्णांपासून हातभर अंतरावरून फाटकाकडे गेली. काचा काळ्या होत्या. अण्णांनी काचेला नमस्कार केला.

नऊला दहा मिनिटे कमी असताना माननीय आले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, कात्रीचे फूल फार सुंदर आहे असे सांगितले आणि फीत कापली. मग संगीत हे सर्वांसाठी असते, या विषयावर ते अकरा मिनिटे बोलले. कोंडीराममामा आणि दोघे कार्यकर्ते यांनी तिसऱ्या प्रयत्नात अण्णांना वर चढवले आणि उतार कार्यान्वित झाला.

आत सतरंज्या गुंडाळणे चालू होते. तिथेच लाभार्थ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. (या सभागृहातून त्यांना मिळालेला हा दुसरा नारळ.) आदिनाथभाऊंनी माईक त्यांच्यापुढे धरला. “मिस्त्री, दोन शब्द.”

“उतार चालू झाला,” अण्णा म्हणाले. “मंडळाचा आभारी हाय.” मग माईक हाताने बाजूला करून त्यांनी मला विचारले, “बाई कुठं बसल्या हुत्या?”

मी मंचाच्या मधोमध जागा दाखवली. त्यांनी मामांना खुणेने खुर्ची पुढे घ्यायला सांगितली, पहिल्या रांगेच्या जागी, थोडी डावीकडे. तिथे ते काही वेळ बसले. समोर झेंडूची दोन फुले आणि पाण्याचा अर्धा पेला होता.

“हितनं दिसला असता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरला फोटो आला. खाली मथळा होता: ‘दिव्यांग रसिकाच्या चेहऱ्यावर समाधान.’ ते कात्रण मी जपून ठेवले आहे. कापले त्याच कात्रीने.

दोन महिन्यांनी अण्णा गेले, झोपेत, कोणालाही उठायला न लावता. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना एकदाच उचलले, चौघांनी. अमरधामला नऊ पायऱ्या नाहीत. तिथे रस्त्यापासून चितेच्या ओट्यापर्यंत सलग उतार आहे, दोन्ही अंगांना कठडे, मध्ये एक वळण आणि वळणावर विसाव्याला ओटा. कोंडीराममामांनी येताना तो पावलांनी मोजला आणि माझ्याजवळ येऊन हळूच सांगितले, “एकास बारा हाय, ताई. बराबर.” फीत नव्हती. आम्हाला कोणीही थांबवले नाही.

मंडळाने शोकसभा घेतली, कार्यालयात, वरच्या मजल्यावर. उपस्थिती चांगली होती. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून झाल्यावर आदिनाथभाऊंनी टॉवेलने डोळे पुसले आणि अत्यंत जड अंतःकरणाने पुढचा विषय मांडला: लाभार्थ्यांची संख्या आता शून्य असल्याने उपसमिती विसर्जित करावी. उतारावर एव्हाना मोटारसायकली लागतच होत्या. अठरा फुटांत पाच बसतात. (स्कूटी धरून सहा.)

मी विरोध केला. आयुष्यात पहिल्यांदाच केला, त्यामुळे तो रीतसर करता आला नाही. आवाज फाटला आणि पाणी मागावे लागले. मी एवढेच म्हणू शकले की लाभार्थी नाहीत असे आपण कशावरून म्हणतो, पाहणी कुठे केली आहे? पाहणी हा शब्द आला की आमच्याकडे सगळे निवळते. उपसमितीला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली.

ती पाहणी मी यंदाच्या पौषातल्या कार्यक्रमाला पूर्ण केली. तबक, फूल, कात्री काही नव्हते. वही घेऊन मी पायऱ्यांच्या कठड्याला टेकून उभी होते आणि वर जाणाऱ्या प्रत्येक रसिकाचे पाय पाहत होते. आपणा रसिकांचे चेहरे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. पाय पहिल्यांदाच पाहिले. निष्कर्ष असे. आलेले रसिक, तीनशे एक. कठडा न धरता चढलेले, एकशे बारा. कठडा धरून चढलेले, एकशे एक्केचाळीस. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढलेले, छत्तीस. उरलेले बारा जण खालीच उभे राहून ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ असे म्हणत होते. आदिनाथभाऊ त्यांतले सहावे. त्यांनी मला पाहून खिशातून पावती-पुस्तक काढले आणि त्यात काहीतरी शोधू लागले.

यांतून मी उताराची प्रतीक्षायादी केली आहे. ती वयानुसार लावलेली नाही, पायांनुसार आहे. अर्ज करण्याची, दाखला जोडण्याची किंवा कोणाची शिफारस आणण्याची आवश्यकता नाही. पत्रही पाठवणार नाही. वर बोलावणे मला आता प्रशस्त वाटत नाही. उतार रिकामा करून घेण्याचा ठराव मात्र अजून झालेला नाही, कारण सभेला येणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे असे की ही मागणी रास्त आहे, ज्याला गरज असेल त्याने मांडावी.

यादीत सेहेचाळिसावा क्रमांक माझा आहे. गुडघा डावा. सत्तेचाळिसावे आपण आहात. पाचव्या पायरीवर थांबून आपण खिशातून मोबाईल काढलात, कानाला लावलात, ‘हं, हं, बोला’ असे म्हणालात आणि श्वास सावरल्यावर वर गेलात. मी आपल्या शेजारीच उभी होते. फोन आलेला नव्हता.